हाय आयडल अचानक लागेनासे झाले आहे, मदत हवी आहे

घाईतला_चालक: माझ्या डिझेल पिकअपमध्ये उभ्या गाडीची रेस वाढवण्याची, म्हणजे हाय आयडलची, सोय आहे. स्टिअरिंगवरील बटणांनी ती लावली की काटा ११०० आरपीएमवर स्थिर राहत असे. गेल्या आठवड्यापासून बटण कितीही वेळ दाबून धरले तरी तो ७५० च्या पुढे सरकत नाही. बॅटरी रोज सकाळी मरगळलेली असते, त्यामुळे तिला चार्ज करण्यासाठी ही सोय तातडीने हवी आहे. फ्यूज तपासला आहे. कृपया मॅन्युअल वाचायला सांगू नये.

गंजका_बोल्ट: गिअर ऑटोमॅटिक आहे की मॅन्युअल? हँडब्रेक ओढलेला होता का? डॅशबोर्डवर एखादा दिवा पेटला आहे का? यांपैकी काहीच न सांगता आम्ही काय ओळखायचे?

जुने_इंजिन: एवढी चौकशी कशाला? अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर मापाची लाकडी पट्टी अडकवावी. मी कित्येक वर्षे तेच करत आलो आहे.

काजळी: हा सल्ला कोणीही मानू नये. हाय आयडलमध्ये गाडी पार्कमध्ये आहे, वेग शून्य आहे आणि ब्रेकवर पाय नाही, याची इसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, सतत खात्री करून घेत असतो आणि यातील एक गोष्ट जरी बदलली तरी रेस उतरवतो. पट्टीला यातले काही कळत नाही. चुकून गिअर पडला तर गाडी थेट सुटेल.

जुने_इंजिन: माझी अजून सुटलेली नाही.

दोन_बॅटऱ्या: मुळात थंडीत डिझेल गाडी तासन्‌तास उभी चालू ठेवणेच चुकीचे आहे. आयडलला सिलिंडरमध्ये हवा भरपूर आणि इंधन अगदी थोडे जाते, त्यामुळे इंजिन पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते आणि डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या जाळीत, काजळी साठते. त्यापेक्षा इंजिन विजेवर गरम करणारा ब्लॉक हीटर बसवून घ्यावा.

काजळी: कारण बरोबर आहे, पण म्हणूनच तर कारखान्यातून हाय आयडल दिले जाते. रेस वाढली की थोडे जास्त इंधन जळते, कूलंट लवकर तापते, ऑइलचा दाब सुधारतो आणि अल्टरनेटर जास्त करंट देतो. राम-कमिन्सच्या अनेक गाड्यांत क्रूझ कंट्रोलच्या (वेग आपोआप कायम ठेवण्याच्या सोयीच्या) बटणांनी ११०० ते १५०० आरपीएमपर्यंत ठरवता येते, तर काही कंपन्यांच्या गाड्यांत ही सोय आधी स्कॅनरने उघडून घ्यावी लागते. शिवाय ब्लॉक हीटरबद्दल कोणी विचारलेच नव्हते.

घाईतला_चालक: गिअर ऑटोमॅटिक आहे, पार्कमध्येच होता आणि हँडब्रेकही ओढलेला होता. पाय ब्रेकवर नव्हता. दिवा पेटलेला नाही. क्रूझ कंट्रोलही त्याच दिवसापासून लागत नाही, पण ते वेगळे दुखणे असेल असे समजून लिहिले नाही.

गंजका_बोल्ट: तेच तर सर्वांत आधी लिहायला हवे होते! क्रूझ आणि हाय आयडल दोन्ही एकदम गेले, म्हणजे पाय ब्रेकवर आहे असा इसीएमचा समज झालेला असू शकतो. किल्ली काढून, अंधार पडल्यावर गाडीच्या मागे जाऊन पाहा.

घाईतला_चालक: आत्ताच पाहून आलो. किल्ली माझ्या खिशात आहे आणि मागची भिंत लाल दिसते आहे.

काजळी: म्हणजे बॅटरी रात्रभर ब्रेक लाइट पेटवते आहे. वर रेस वाढवून ती किती भरणार? ब्रेक पेडलच्या दांड्यावर, ब्रेक लाइटच्या स्विचची कळ दाबून धरणारे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे छोटे बटण असते. ते झिजून पडले की कळ मोकळी सुटते आणि ब्रेक दाबल्याचा संकेत कायम राहतो.

घाईतला_चालक: पायपुसण्यावर पिवळट प्लॅस्टिकचे चार तुकडे सापडले, मी ते बिस्किटाचे समजून झटकणार होतो. दांड्यावर त्या बटणाच्या रिकाम्या भोकात एक छोटा बोल्ट घालून नट आवळला. दिवे विझले आणि काटा ११०० वर चढला.

गंजका_बोल्ट: बोल्ट तात्पुरताच ठेवा, नवे बटण बसवून घ्या. धातूने स्विचची कळ झिजते, आणि बोल्ट ढिला होऊन पेडलखाली अडकला तर ब्रेकच दाबता येणार नाही.

दोन_बॅटऱ्या: ब्लॉक हीटरचे मग काय ठरले?