‘चीट करणं’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मंडळी, भाची सध्या इंग्रजी गाणी मराठीत आणायच्या नादात आहे. परवा पॅनिक! ॲट द डिस्को या अमेरिकन पॉप पंक बँडचं २००६ मध्ये गाजलेलं ‘आय राइट सिन्स नॉट ट्रॅजेडीज’ घेऊन बसली होती. लग्न लागतंय, करवली वाढप्याशी बोलतेय आणि बोलता बोलता नवरीचं बिंग फुटतं. तिथे नवरीला एक शिवी आहे. भाचीनं बेधडक ‘रांड’ लिहिलं. माझी आजी, वय ९१, ऐकून म्हणाली, “अगंबाई, मांडवातच नवरा गेला?”

तिच्या कानाला रांड म्हणजे विधवा. आता शब्द सुचवा. ‘व्यभिचार’ नको, गाण्याचं कीर्तन होतं.

— कीर्तन नाही, कोर्ट. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम ४९७ रद्द केलं तेव्हा मथळ्यांत हाच शब्द होता. मुळात अर्थ वाट सोडून जाणं एवढाच. काव्य-नाटकांच्या रसशास्त्रात तर ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भाव आहेत आणि त्यांत लाजही आहे! पण आज हा शब्द लग्नाला बांधलेला. नुसत्या बॉयफ्रेंडनं कसला व्यभिचार करायचा?

— ‘बाहेरख्याली’ घ्या की.

— बाहेरख्याली हा स्वभाव झाला, एका रात्रीची गोष्ट नव्हे. बदफैलीचंही तेच. लफडं, भानगड हे शेजाऱ्यांचे शब्द. ज्याचं काळीज फाटलंय तो ‘माझ्या बायकोची भानगड आहे’ असं गाणार नाही. ‘प्रतारणा’ फक्त नाटकात.

— साधं ‘फसवलं’ का नको?

— भिशीचे पैसे बुडवले तरी फसवलंच म्हणतो. इंग्रजीत ‘चीट’पुढच्या ‘ऑन’ या एका शब्दयोगीनं फरक पडतो, म्हणून हल्ली पोरं ‘त्यानं माझ्यावर चीट केलं’ म्हणतात. डोक्यात जातं ते. ‘मला चीट केलं’ म्हणा, निदान विभक्ती तरी आपली!

— माझ्या मते मराठीला इथे क्रियापद लागतच नाही. आपण म्हणतो, ‘तिचं कुणाशी तरी चालू आहे.’ कर्ता गायब. काय चालू आहे तेही सांगत नाही. ‘काहीतरी’ म्हणून मोकळे. ज्याला पहिल्यांदा कळतं त्याच्या तोंडी हेच येतं, कारण त्यालाही अजून नावगाव माहीत नसतं. पॉप पंकच्या धावत्या ठेक्यावर ‘चालू आहे, चालू आहे’ ओरडताही येईल.

— (मूळ प्रश्नकर्ता) हे पटलं. भाचीनं ओळ बदलली: ‘नवरीचं दुसरीकडे चालू आहे.’ आजीला वाचून दाखवली. तिनं जपमाळ खाली ठेवली आणि विचारलं, “कुणाशी गं?”