नीलिमा, प्रतिमा, उमा : शेवटचा ‘मा’ एकच आहे का?

रमा, उमा, सीमा, हेमा, क्षमा, सुषमा, प्रतिमा, अनुपमा, पूर्णिमा, नीलिमा, गरिमा, मधुरिमा, नज्मा, करिश्मा. ‘मा’ने संपणारी मुलींची नावे आठवायला बसलो की रांग लागते. बाळाच्या नावांच्या याद्यांत यांच्यापुढे बरेचदा एकच खुलासा दिसतो : ‘मा म्हणजे लक्ष्मी’ किंवा ‘मा म्हणजे आई’. ‘मा’ हे लक्ष्मीचे नाव आहे हे खरेच. माधव म्हणजे ‘मा’चा धव, लक्ष्मीचा पती. पण वरच्या नावांमधला ‘मा’ तो नव्हे. ही नावे निरनिराळ्या वाटांनी आली आणि शेवटच्या अक्षरापाशी योगायोगाने भेटली. म्हणून नाव कुठे तोडायचे हे आधी ठरवावे लागते.

सर्वांत रंजक गट ‘इमा’वाल्यांचा. नीलिमा, गरिमा, महिमा, अणिमा, मधुरिमा, अरुणिमा, तनिमा. इथे ‘मा’ वेगळा काढताच येत नाही, काढायचा तर ‘इमा’ काढावा लागतो. संस्कृतात विशेषणाला ‘इमन्’ हा प्रत्यय लागून भाववाचक नाम होते. नील म्हणजे निळा, नीलिमन् म्हणजे निळेपणा. तनु म्हणजे नाजूक, तनिमन् म्हणजे नाजूकपणा. विशेषणाचा शेवटचा स्वर गळतो, म्हणून अणूचा अणिमा आणि लघूचा लघिमा. ‘गुरु’चे ‘गर्’ होते आणि गरिमा तयार होतो : जडपणा, आणि त्यावरून थोरवी. अणिमा, महिमा, लघिमा आणि गरिमा या चार तर योगातल्या अष्टसिद्धींपैकी आहेत. पाणिनीने हा प्रत्यय अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात सांगितला आहे. पृथु, मृदु अशा शब्दांसाठी एका सूत्रात, आणि रंगवाचक शब्द व ‘दृढ’सारख्या शब्दांसाठी त्याच्या पुढच्या सूत्रात. नीलिमा या दुसऱ्या सूत्रातली.

आता खरी गंमत. हे सगळे शब्द संस्कृतात पुल्लिंगी आहेत! नीलिमा हे ‘नीलिमन्’ या शब्दाचे प्रथमेचे एकवचन, राजन्‌चे राजा होते तसेच. मराठीने महिमा शब्दाचे मूळचे लिंग जपले आहे. आपण ‘नामाचा महिमा’ म्हणतो, ‘नामाची महिमा’ म्हणत नाही. हिंदीत मात्र महिमा स्त्रीलिंगी झाला. ‘आत्मा’चेही तेच : मराठीत ‘माझा आत्मा’, हिंदीत ‘मेरी आत्मा’. शेवटी ‘आ’ ऐकू आला की शब्द बाईमाणसाचा वाटतो. मुलींची बहुसंख्य संस्कृत नावे आकारान्त असल्यामुळे हे ‘इमा’वाले शब्दही त्या पंगतीत सहज बसले. यात काही बिघडले असे मला वाटत नाही. नीलिमा हे मुलीचे नाव म्हणून उत्तमच आहे. शब्दाला नवे घर मिळाले, इतकेच.

‘प्रेमा’ हे नावही याच घराण्यातले, हे पटकन लक्षात येत नाही. ‘प्रिय’ला इमन् लागताना ‘प्रिय’चे ‘प्र’ होते आणि प्र + इमन् असा संधी होऊन ‘प्रेमन्’ बनतो. म्हणजे प्रेम या रोजच्या शब्दाचा अर्थ मुळात ‘प्रियपणा’. प्रेमा आणि नीलिमा या नात्याने बहिणी ठरतात. लालिमा मात्र संकरातून जन्मलेली : ‘लाल’ फारसीतून आलेला आणि प्रत्यय संस्कृत. काळिमा फासतो तो शब्दही याच साच्यातला. कुणी तो मुलीचे नाव म्हणून ठेवत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मग पूर्णिमा? वरवर पाहता पूर्ण + इमा असे तोडून ‘पूर्णपणा’ असा अर्थ लावण्याचा मोह होतो. इथे फसू नये. हा शब्द संस्कृतातही मुळातच आकारान्त स्त्रीलिंगी आहे आणि तिथीचे नाव म्हणूनच येतो. फरक ओळखायची खूण विभक्तीत सापडते. ‘महिमन्’ची षष्ठी ‘महिम्नः’. शिवमहिम्न स्तोत्राचे नाव त्याच्या या पहिल्याच शब्दावरून पडले आहे. पूर्णिमेची षष्ठी मात्र ‘पूर्णिमायाः’, थेट ‘रमायाः’सारखी. स्तोत्राच्या नावात तो ‘म्न’ का येतो हा प्रश्न ज्यांना पडत असेल, त्यांना इथे उत्तर मिळेल.

प्रतिमा, उपमा, अनुपमा यांचे घर निराळे. इथे ‘मा’ हा धातू आहे, अर्थ मापणे. ‘उप’ म्हणजे जवळ; एक वस्तू दुसरीच्या जवळ ठेवून मापली की ती उपमा. जिला अशी उपमाच सापडत नाही ती अनुपमा. मूळ वस्तूच्या मापाबरहुकूम घडवलेली ती प्रतिमा. प्रमाण, परिमाण, अनुमान हे शब्दही याच धातूचे, त्यामुळे हा गट मला फार आवडतो : मुलीच्या नावात चक्क मोजमाप आहे.

सुषमा हे ‘सु’ आणि ‘सम’ मिळून झालेले. ‘स’चा ‘ष’ होतो तो ‘सु’मुळे. अमरकोशात अर्थ नेमका दिला आहे : ‘सुषमा परमा शोभा’. नुसती शोभा नव्हे, शोभेची परिसीमा. हे नाव ‘सुश्मा’ असे लिहिले की अर्थाचा धागाच तुटतो. रमा ‘रम्’ धातूची, क्षमा ‘क्षम्’ची, दोन्हींत ‘म’ धातूचाच आहे, प्रत्यय फक्त ‘आ’. क्षमेचा आणखी एक अर्थ पृथ्वी, सगळे सोसणारी. हेमा ‘हेमन्’वरून, सोने. सीमा संस्कृतात दोन रूपांत आढळते, सीमन् आणि सीमा, आणि दोन्ही स्त्रीलिंगीच. केसांचा भांग म्हणजे सीमंत, तो याच शब्दाचा.

उमा या नावाची व्युत्पत्ती कालिदासाने कुमारसंभवात दिली आहे. पार्वती तपाला निघाली तेव्हा आईने ‘उ, मा’, म्हणजे ‘अगं, नको’ म्हणून अडवले आणि तेच नाव पडले. काव्य म्हणून ती अप्रतिम आहे, पण व्युत्पत्ती म्हणून ती धरू नये. केनोपनिषदात उमा हैमवती आधीच भेटते.

नज्मा आणि फातिमा अरबी. अरबीत शब्दाचा कणा तीन व्यंजनांचा असतो. नज्म म्हणजे तारा, त्याचे स्त्रीरूप नज्मा. फातिमाचा कणा फ-त-म, अर्थ बाळाचे दूध तोडणे. कानाला फातिमा आणि प्रतिमा यमकात बसतात, नाते मात्र शून्य. करिश्मा फारसीतून आली. तिथे मूळ छटा नखऱ्याची, नजरेच्या इशाऱ्याची. चमत्कार हा अर्थ नंतरचा.

लिहिण्याबद्दल एक विनंती. ‘गरीमा’, ‘नीलीमा’, ‘प्रतीमा’ असे सर्रास दिसते. ‘इमन्’मधला इ ऱ्हस्व आहे, ‘प्रति’मधलाही ऱ्हस्व. म्हणून गरिमा, प्रतिमा, आणि नीलिमात पहिला नी दीर्घ पण लि ऱ्हस्व. सीमा आणि भीमा यांत मात्र दीर्घच, कारण तिथे ‘इमा’ नाहीच. जन्मदाखल्यावर एकदा चुकीचे नोंदले गेले की शाळेपासून बँकेपर्यंत प्रत्येक कागदावर तेच येते, तेव्हा नाव नोंदवण्याआधीच हे पाहून घ्यावे.