मदत हवी आहे: उद्या ख्रिसमस ट्री कापायला जातोय, सोबत लहान मूल

चिंगीची_आई
उद्या सकाळी आम्ही ख्रिसमस ट्री कापायला जातोय. पहिल्यांदाच. सोबत लेक आहे. काय काय न्यायचं ते कृपया पटकन सांगा. गूगल केलं तर लाल-काळ्या चौकड्यांचे शर्ट घालून हसणारी कुटुंबंच दिसतात, कामाचं काही मिळत नाही. झाड गाडीवर कसं आणतात हेही हवंय. नवरा म्हणतो "जमेल", म्हणून विचारतेय.

पाचवा_मजला
कुठे राहता? गाडी कुठली? लेक केवढी?

जर्सीची_काकू
अगं, डोळे मिटून फ्रेझर फर घे. आम्ही २२ वर्षं तेच आणतो. पानं मऊ, गळतात कमी, फांद्या घट्ट. ब्लू स्प्रूस दिसायला सुंदर, पण हात लावशील तर निवडुंग. लहान पोर घरात असताना नकोच.

चिंगीची_आई
काकू, आम्ही ओरेगनला. हिल्सबरो. लेक १९ महिन्यांची. गाडी साधीच आहे.

पाचवा_मजला
"साधी" म्हणजे सेदान? वर रॅक आहे की नाही? आणि फार्मवर जाताय की जंगलात? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

झाडपाला
माफ करा, पण चांगलं जिवंत झाड तोडून चार आठवडे दिवाणखान्यात मारून ठेवायचं, ही कसली हौस? आमच्याकडे पुण्यात अरोकेरियाची कुंडी आहे, सात वर्षं तीच सजवतो. दसऱ्याला आपटा ओरबाडणारे आणि हे, सारखेच.

ऊसवाला
झाडपालासाहेब, शेत आहे ते शेत. रोप लावतात, सात-आठ वर्षं वाढवतात, छाटून छाटून शंकूचा आकार देतात, मग विकतात. तोडलं की पुन्हा लावतात. ओरेगनात याचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं पीक निघतं. ऊस तोडताना रडता का?

झाडपाला
उसाची साखर होते. याचं काय होतं?

ऊसवाला
जानेवारीत भुगा होतो, बागेत जातो. तुमच्या कुंडीला पण घालता येईल.

चिंगीची_आई
कृपया!! उद्या सकाळी निघायचंय. सेदान, रॅक नाही. नवरा माउंट हूडच्या जंगलाचं म्हणतोय, ५ डॉलरचं परमिट मिळतं म्हणे. गाडीत सासू-सासरेही आहेत (सांगलीहून आलेत).

पाचवा_मजला
हे आधी सांगायचं ना! १९ महिन्यांचं बाळ, दोन ज्येष्ठ, सेदान आणि डिसेंबरात हूडचं जंगल? अजिबात नको. परमिट ५ डॉलरचं खरं आहे, वर अडीच डॉलर बुकिंगचे. पण वर बर्फ असणार, चाकांना साखळ्या जवळ हव्यात, स्नो-पार्कमध्ये (बर्फाळ भागातला वाहनतळ) गाडी लावायची तर त्याचं परमिट वेगळं, फोनला रेंज नाही आणि साडेचारला अंधार. तुमच्या आसपास यू-कट फार्म (आपलं झाड आपणच कापायचं, अशी शेतं) भरपूर आहेत. तिकडे जा. करवत तेच देतात, झाड हलवून जाळीत गुंडाळूनही देतात. पैसे जास्त पडतील, पण संडास असतो.

एकटाच_टायगर
असहमत. आम्ही दर वर्षी जंगलातच जातो. जी मजा त्या शोधण्यात आहे ती रांगेतल्या झाडांत नाही. गुडघाभर बर्फात चालून चालून

पाचवा_मजला
तुम्हाला मुलं आहेत का?

एकटाच_टायगर
त्याचा काय संबंध?

वसईचा_पोरगा
आमच्याकडे वसईला लहानपणी सुरूची फांदी आणायचो. कापूस पिंजून बर्फ. आणि खरी धमाल झाडात नसायची, गोठ्यात असायची. दोन आठवडे आधी नाचणी पेरायची, म्हणजे नाताळला बाळयेशूच्या गोठ्यापुढे हिरवंगार शेत तयार. एका वर्षी आमच्या कोंबडीने आदल्या रात्री अख्खं शेत साफ केलं होतं. असो, धाग्याचा विषय नाही.

जर्सीची_काकू
बाळाला जाड जॅकेट घालून कार सीटमध्ये बसवू नकोस हं. पट्टे घट्ट वाटतात, पण जॅकेट दबलं की सैल पडतात. जॅकेट काढून पट्टे लाव, वरून शाल टाक. स्ट्रोलर घरीच ठेव, चिखलात चाकं रुततात. पाठीवर घ्यायची झोळी ने. गमबूट, कपड्यांचे दोन जोड आणि तिच्या दुपारच्या झोपेआधी परत फीर. चीक लागला तर साबणाने जात नाही, खोबरेल चोळ.

चिंगीची_आई
काकू, धन्यवाद! बरं, फार्मच. ती साडेबाराला झोपते, बाटली घेऊन.

बोरकूट
१९ महिन्यांची आणि अजून बाटली? सोडवा आता. आमच्या मुलाला आम्ही बरोबर एक वर्षाचा झाल्यावर

चिंगीची_आई
मी बाटलीबद्दल विचारलेलं नाही.

पाचवा_मजला
गाडीवर बांधायचं: टपावर जुनी चादर, त्यावर झाड, बुंधा पुढे, शेंडा मागे. उलटं ठेवलंत तर वाऱ्याने फांद्या पिंजून निघतात. रॅक नाही तर चारही दारं उघडून दोरी गाडीच्या आतून घ्या आणि मग दारं लावा. खिडक्यांतून ओवलीत तर दारं उघडणारच नाहीत, सासूबाईंना खिडकीतून काढावं लागेल. लेकीच्या डोक्यावरून दोरी जाणार नाही हे बघा. फार्मवर सुतळी फुकट मिळते, तिच्यावर विसंबू नका, पट्टे न्या. आणि सहा फुटांच्या वरचं घेऊ नका, शेतात सगळीच झाडं लहान दिसतात. घरी गेल्यावर लगेच भरपूर पाणी द्या. पहिल्याच दिवशी तीन-चार लिटर पितं. उशीर झाला तर बुंध्याची इंचभर चकती कापून मग पाण्यात ठेवा, नाहीतर चिकाने तोंड बंद होतं.

चिंगीची_आई (शनिवार रात्री)
जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. नोबल फर आणलं. फांद्यांचे मजले वेगवेगळे असतात, दागिने छान लटकतील. सासऱ्यांनी करवत हातात घेतली ती कुणाला दिलीच नाही. चिखलात आडवे झोपून बुंधा कापला, वर म्हणाले, "उसापेक्षा सोपं आहे." चिंगीने झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पार्किंगमधली खडी एकेक करून आजीच्या पर्समध्ये भरत होती, पाऊण तास. झाडाला जाळी घालणाऱ्या मशीनपाशी मात्र जी रडली ती गाडीत झोपेपर्यंत. टपावर चादर म्हणून नवऱ्याने सासूबाईंनी आणलेली नवी कोरी सोलापुरी चादर टाकली. त्यावर आमच्याकडे सध्या चर्चा बंद आहे.

आता खरा प्रश्न. हे उभं कसं करायचं? स्टँड लागतो हे कुणी बोललंच नाही!

पाचवा_मजला
...आम्हाला वाटलं तो असेलच.

जर्सीची_काकू
अगो बाई. मग आत्ता कुठे आहे झाड?

चिंगीची_आई
बादलीत. पाणी घातलंय. सासऱ्यांनी गुढी बांधतात तसं जिन्याच्या कठड्याला सुतळीने बांधलंय. पर्समधली खडी पण बादलीतच गेली. चिंगी फांद्या ओढतेय, म्हणून मी शेजारी बसून लिहितेय.

झाडपाला
कुंडीला स्टँड लागत नाही. सहज सांगितलं.

पाचवा_मजला
जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात फोन करा, उघडं असेल. चारी बाजूंनी स्क्रू असलेला आणि पाणी मावणारा घ्या. पण बुंधा केवढा आहे? त्या मापाचा लागेल.

चिंगीची_आई
मुठीपेक्षा मोठा, तांब्यापेक्षा लहान.

पाचवा_मजला
इंचात सांगा हो.