उरलेला ऑइल पेंट आणि जुने अ‍ॅसिड यांची विल्हेवाट कशी लावावी? मदत हवी आहे

रंगकाम संपल्यावर घरात ऑइल पेंटचे दोन अर्धवट डबे, ब्रश धुतलेले गढूळ टर्पेंटाइन आणि संडास साफ करण्याचे जुने अ‍ॅसिड उरले आहे. पाण्यात मिसळणारा रंग भुसा घालून सुकवता येतो. परंतु ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन ज्वलनशील असल्यामुळे ते गटारात ओतणे मला मुळीच पटत नाही. अ‍ॅसिड ब्लीचमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून त्या बाटल्या मी दूर दूर ठेवल्या आहेत. घरात लहान मूल असल्याने ही काळजी अधिकच वाटते. टर्पेंटाइन निवळू देऊन वरचे पुन्हा वापरल्यावर तळाशी राहिलेला गाळ आणि हे अ‍ॅसिड कोणाकडे व कशा प्रकारे सोपवावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.