आर्क रेडर्स ३० ऑक्टोबरला येतोय, आत्ताच पैसे भरायचे की थांबायचं? (ही चर्चा ऑक्टोबर २०२५ मधली, गेम यायच्या आधीची)

सातारी_स्कॉड
मंडळी सल्ला हवाय. आर्क रेडर्स हा नवा ऑनलाइन शूटर गेम ३० ऑक्टोबरला येतोय, साधी एडिशन ४० डॉलर आणि डीलक्स ६० डॉलर. आमचा तिघांचा ग्रुप आहे, मी आणि एक मित्र पीसीवर, तिसरा पीएस ५ वर. आजवर आम्ही व्हॅलोरंट, सीएस २, द फायनल्स असे फुकटचेच गेम खेळलोय, ऑनलाइन गेमसाठी पैसे भरायची ही पहिलीच वेळ आणि तेही तिघांनी एकदम भरायचे, कारण एकट्याने घेऊन काय करू. २०२१ मधे पहिल्यांदा दाखवला तेव्हा हा फुकट येणार असं सांगितलेलं, नंतर पेड केला, ते डोक्यातून जात नाहीये. आणि कॉन्कॉर्ड हा पेड गेम आल्या आल्या कसा बंद पडला ते सगळ्यांनी बघितलंय. पिंगचं (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) पण टेन्शन आहे. माझ्याकडे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. मित्र म्हणतोय प्री-ऑर्डर करून टाकू, बोनस मिळतोय. काय करू?

मुळशीकर
प्री-ऑर्डर अजिबात करू नकोस भावा. बोनसमधे जे मिळतं ते दिसण्यापुरतं, त्याने गेम एका पैशानेही वेगळा खेळला जात नाही. डिजिटल कॉपी संपत नाही, ३० तारखेला सकाळी घेतलीस तरी तीच मिळणार.

त्यापेक्षा १७ ते १९ ऑक्टोबर सर्व्हर स्लॅम, म्हणजे रिलीजआधीची चाचणी आहे, पीसी, पीएस ५, एक्सबॉक्स सगळीकडे सगळ्यांना खुला आणि फुकट. १७ ला वसुबारस आहे आणि पहिली आंघोळ २० ला, म्हणजे फराळाच्या गडबडीत का होईना पण तिघंही घरी असाल. त्यातलं प्रोग्रेस पुढे येणार नाही, पण तुला प्रोग्रेस नकोय, उत्तर हवंय. तुमच्या नेहमीच्या वेळेला बसा, म्हणजे रात्री ९ नंतर, जेव्हा अख्खी बिल्डिंग काहीतरी स्ट्रीम करत असते. दुपारी ३ ला टेस्ट करून "पिंग मस्त आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही. शक्य असेल तर वायफाय सोडा आणि लॅन केबल लावा.

पीसीचं सांगायचं तर मिनिममला जीटीएक्स १०५० टीआय आणि १२ जीबी रॅम लिहिलंय, तुझं कार्ड त्याच्या वर आहे. रेकमेंडेड मात्र आरटीएक्स २०७० आहे, म्हणजे तुला १०८०पी ला सेटिंग खाली आणावं लागेल. तेही स्लॅममधेच कळेल.

आणि एक खर्च तुम्ही धरलेला दिसत नाही. पीएस ५ वाल्याला पेड गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस ही सोनीची वर्गणी लागते. फुकटच्या गेमला लागत नाही म्हणून आजवर तुमच्या लक्षात आलं नसेल. त्याच्याकडे नसेल तर तिघांत त्यालाच हा गेम सगळ्यात महाग पडणार, त्याला आधी विचारा.

म्युनिकचा_मावळा
पिंगबद्दल लिहितो कारण मी जर्मनीत आणि धाकटा भाऊ कोल्हापुरात, आणि आम्ही रोज हेच भोगतो. एकत्र खेळायचं म्हटलं की कुणातरी एकाला लांबच्या सर्व्हरवर जावं लागतं. भारतातून सिंगापूरला साधारण ६० ते ८० मिलिसेकंद मिळतो, युरोपला १२० च्या पुढे. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, ८० चा पिंग एकसारखा राहिला तर माणूस त्याला सरावतो. त्रास होतो तो ४० वरून एकदम २०० वर उडणाऱ्या पिंगचा आणि पॅकेट लॉसचा, म्हणजे वाटेत डेटा हरवण्याचा. भिंतीआड गेल्यावरही गोळी लागते, मारलेली गोळी लागतच नाही, आणि इथे मेलास की जमवलेल्या सामानाची बॅग गेली. व्हॅलोरंटला मुंबईत सर्व्हर आहे म्हणून तुम्हाला चांगल्या पिंगची सवय आहे, प्रत्येक नव्या गेमला तसं मिळेल असं धरून चालू नका. तुम्ही तिघं एकाच भागातले असाल तर निम्मं संकट टळलं.

रेवा_के
मी मे महिन्यात या गेमची आधीची चाचणी, टेक टेस्ट २, खेळले होते त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

पिंग, सर्व्हर, किंमत ठीक आहे पण आधी हे विचार की हा प्रकार तुम्हाला झेपतो का, कारण व्हॅलोरंटमधून येणाऱ्यांचं इथेच बिनसतं. तिथे राऊंड हरलास तर पुढचा राऊंड येतो. इथे जमिनीखालच्या तळावरून वर जायचं, साधारण अर्ध्या तासाची फेरी, सामान गोळा करायचं आणि लिफ्ट किंवा मेट्रो गाठून बाहेर पडायचं. मधे मेलास तर अंगावरचं बहुतेक सगळं गेलं, चांगला ऑगमेंट (अंगावर लावायचं एक उपकरण) असेल तर त्याच्या सेफ पॉकेटमधलं एखाददुसरं वाचतं. पंचवीस मिनिटं जीव मुठीत धरून जमवलेलं, आणि लिफ्टपाशी कोणीतरी दबा धरून बसलेला असतो. काही जणांना याच धाकधुकीची नशा चढते. माझ्या ग्रुपमधल्या एकीला मात्र ते अजिबात सहन झालं नाही, दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही, आणि ती आमच्यातली सगळ्यात चांगली नेमबाज.

पण फ्री लोडआउट असतं हे खूप महत्त्वाचं आहे, हातात काहीच उरलं नाही तरी फुकटची बंदूक घेऊन परत जाता येतं, टार्कोव्ह या अशाच गेमसारखं कंगाल होऊन बसावं लागत नाही. आणि शत्रू म्हणून असलेली मशीन्स खरंच भीतीदायक आहेत. वास्प नावाचा ड्रोन एकटा असेल तर सोपा, पण त्याला पाडायला गोळ्या झाडल्या की आवाज लांबवर जातो आणि दुसरी माणसं त्या आवाजाकडे येतात. म्हणून सतत ठरवावं लागतं की मारू का लपू. लीपर नावाचं मशीन अंगावर उडी घेतं तेव्हा तर मी दरवेळी किंचाळायचे. जवळ आलेल्याशी माइकवर बोलता येतं, मला एकदा एका अनोळखी मुलाने "गोळी नको मारू, मी फक्त क्वेस्ट करतोय" असं इंग्रजीत सांगितलं आणि आम्ही दोघांनी मिळून रॉकेटियर नावाचा मोठा ड्रोन पाडला. असं दुसऱ्या कुठल्या शूटरमधे माझ्यासोबत झालेलं नाही, मी तर घेणारच आहे.

एकट्याने खेळणाऱ्यांना शक्यतो एकट्यांसोबतच टाकतात, त्यामुळे "तिघं नसतील तर काय करू" ही भीती थोडी कमी कर.

जुना_खेळिया
रेवाताईंचं पटतं, पण मी महिनाभर थांबा म्हणेन. पेड मल्टिप्लेअर गेममधे तुम्ही पैसे देता ते समोर खेळायला माणसं असण्याचे. कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला ४० डॉलरला आला, स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) एका वेळी जास्तीत जास्त ६९७ जण होते आणि ६ सप्टेंबरला बंद. सगळ्यांना पैसे परत दिले हे खरं, पण तसं दरवेळी होत नाही. युबिसॉफ्टच्या द क्रूचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, २०१४ चा गेम, एकट्याने खेळायचा म्हटलं तरी आता सुरू होत नाही. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. तुम्ही घेता ते लायसन्स असतं, स्टीम आता पैसे भरतानाच तसं स्पष्ट लिहितं. मला याचा मनापासून राग आहे, पैसे पूर्ण घ्यायचे आणि एक दिवस वस्तूच काढून न्यायची, हे कुठल्या दुसऱ्या धंद्यात चालेल?

हेडशॉट_हौशी
जुना भाऊ, राग रास्त आहे पण कॉन्कॉर्डचंच उदाहरण का? हेलडायव्हर्स २ पण ४० डॉलरचाच होता, फेब्रुवारी २०२४ ला आला आणि १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख कॉपी गेल्या. आणि फुकट असला म्हणून गेम जगतो असं कुठंय? एक्सडिफायंट फुकट होता, मे २०२४ ला आला आणि जून २०२५ ला बंद. द सायकल: फ्रंटियर तर याच जातीचा एक्स्ट्रॅक्शन गेम (सामान जमवून जिवंत बाहेर पडायचं), तोही फुकट, चीटर्सनी जीव नकोसा केला होता आणि सप्टेंबर २०२३ ला गेला. बॅग गमावायच्या गेममधे चीटर म्हणजे विष. पेड असला की बॅन झाल्यावर पुन्हा ४० डॉलर मोजावे लागतात, फुकटात मिनिटात नवं अकाउंट. त्यामुळे पेड केला ते मला बरंच वाटलं. शिवाय आर्क रेडर्स बनवणाऱ्या एम्बार्कनेच द फायनल्स डिसेंबर २०२३ ला काढला, पहिल्या महिन्यानंतर गर्दी खूप घटली तरी अजून सीझन येतायत. मला तरी ते टाकून पळणारे वाटत नाहीत.

महिनाभर थांबायचं म्हणता, पण तिघंही पहिल्या आठवड्यात सारखेच अडाणी असतात तेव्हाच सगळ्यात मजा येते. महिन्याने गेलात तर समोरच्यांना प्रत्येक लिफ्ट पाठ झालेली असेल.

सातारी_स्कॉड
सगळ्यांचे आभार, विशेषतः रेवाताई, लिफ्टपाशी दबा धरण्याचं वाचून आमच्यातल्या एकाला आत्ताच सुरसुरी आलीय 🔥 पीएस ५ वाल्याला विचारलं, त्याचं पीएस प्लस जुलैमधेच संपलंय आणि त्याला पेड गेमला लागतं हे माहीतच नव्हतं. १७ ला रात्री तिघं बसतोय. प्री-ऑर्डर कॅन्सल, म्हणजे मित्राने काल रात्रीच करून ठेवलेली 🙏 स्टीमवर पैसे परत येतात ना? आणि समजा ३० ला घेतला आणि पहिल्याच दिवशी सर्व्हरच्या रांगेत अडकलो तर तो वेळ पण रिफंडसाठीच्या २ तासांत धरतात का?

मुळशीकर
प्री-ऑर्डर रिलीजच्या आधी कधीही परत करता येते, त्याला आजच रिक्वेस्ट टाकायला सांग. नंतर घेतलास तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत. आणि हो, रांगेतला वेळही धरतात, गेम चालू आहे एवढंच स्टीमला दिसतं. म्हणून लॉबी उघडी ठेवून जेवायला जाऊ नका. पीएस स्टोअरचं वेगळं आहे, तिथे डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून पीएस ५ वाल्याने सगळ्यात शेवटी घ्यायचा, आधी तुम्ही दोघं एक रात्र खेळून बघा.