शेजारच्या देशावर चढाई झाली तर बाकीच्या देशांनी काय करायचं?

रावेरची_केळी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या. परवा रात्रीच्या लाईटवर मोटर चालू करायला मी आणि चुलतभाऊ बागेत गेलो, बांधावर बसून मोबाईलवर युक्रेनच्या बातम्या लावल्या आणि आमची जुंपली. त्याचं म्हणणं एकच, दोघांच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, पडला की भांडण वाढतं. मी म्हटलं अरे हे भांडण नाहीये, एकाने दुसऱ्याच्या वावरात नांगर घातलाय. बांध कोरणारा आणि ज्याचा बांध कोरला तो, दोघांना एका ओळीत बसवून "आपसात मिटवा" म्हणणं म्हणजे कोरणाऱ्याच्याच बाजूने बोलणं झालं.

माझं मत असं आहे की बाहेरच्या देशांनी जे करायचं ते पहिल्या काही आठवड्यातच करावं आणि चढाई करणाऱ्याला दुखेल असंच करावं. १९३५ ला इटलीने अबिसिनियावर म्हणजे आजच्या इथिओपियावर हल्ला केला, तेव्हा राष्ट्रसंघाने म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने निर्बंध लावले पण तेल वगळून, आणि सुएझ कालवा पण इटलीच्या जहाजांना उघडाच ठेवला. सैन्य, दारूगोळा सगळं त्याच वाटेने गेलं. मे १९३६ ला आदिस अबाबा पडलं आणि जुलैत निर्बंधही उठवले. ज्याने इटलीची गाडी थांबली असती तेवढंच सोडून बाकी सगळं करून झालं होतं!

याच्या उलट १९५६. इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले तेव्हा अमेरिकेने एक गोळी झाडली नाही, ब्रिटनचा पौंड घसरत होता आणि त्याला टेकू द्यायला अमेरिकेने नकार दिला, बस. डिसेंबर संपायच्या आत ब्रिटन-फ्रान्सचं सैन्य परत. इस्रायलला पण मार्च ५७ पर्यंत मागे जावं लागलं. म्हणजे नस सापडली की काम होतं.

आणि हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. २०२२ ला पोटॅश खताची गोणी हजाराच्या आसपास होती ती १७०० वर गेली कारण रशिया आणि बेलारूस हे दोन्ही पोटॅशचे मोठे देश. पोटॅश कमी पडलं की केळीचा घड भरत नाही, हलका निघतो आणि व्यापारी भाव पाडून मागतो. लढाई जितकी वर्षं रेंगाळेल तितकी वर्षं हे आपल्याकडून वसूल होणार. तुमचं काय म्हणणं?

पांझराकाठचा_धुळेकर

भाऊ, बांधाचं उदाहरण चांगलं आहे पण बांधाला मोजणी असते, भूमी अभिलेखचा नकाशा असतो, तलाठी असतो. देशांच्या बांधाची मोजणी कोण करणार ते आधी सांगा.

७ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशची लढाई चालू असताना, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवा आणि सैन्य मागे घ्या असा ठराव आला, १०४ देश त्याच्या बाजूने आणि फक्त ११ विरोधात. ते मागे घ्यायचं सैन्य आपलं होतं. इकडे एक कोटीच्या आसपास निर्वासित येऊन पडले होते, तिकडे कत्तली चालू होत्या, तरी जगाला आपणच दुसऱ्याच्या हद्दीत शिरलेले दिसलो. तुमचा नियम "पहिल्या आठवड्यात दुखेल ते करा" हा तेव्हा लावला असता तर कुणावर लागला असता? अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलंच होतं. सोव्हिएत युनियनचे व्हेटो आणि ऑगस्टमधला त्यांच्याशी झालेला मैत्री करार नसता तर १६ डिसेंबरचा दिवस आला असता का, हे मला खरंच विचारायचं आहे.

व्हिएतनामचंही तसंच. १९७९ च्या जानेवारीत त्यांनी कंबोडियातून पोल पॉटला हाकललं, लाखो लोक मारलेला माणूस तो, आणि जगाने शिक्षा व्हिएतनामला केली, संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची पुढे कित्येक वर्षं पोल पॉटच्याच लोकांकडे. म्हणून मी म्हणतो की बाहेरच्यांनी आधी थांबावं, ऐकून घ्यावं, बोलणी चालू ठेवावी. घाईघाईने शिक्षा देणाऱ्यांना बहुतेक वेळा अर्धीच गोष्ट माहीत असते.

शिरपूरची_डॉक्टर

मी विनित्सियाला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला होते. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे होस्टेलच्या वॉर्डनने दारं ठोठावून उठवलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तळघरात बटाट्याच्या पोत्यांवर बसून दोन रात्री काढल्या, मग बसने रोमानियाच्या सीमेपर्यंत, शेवटचे काही किलोमीटर पायी, बर्फात, आणि रांगेत आमच्या पुढेमागे सगळ्या बायका आणि लेकरं कारण त्यांच्या पुरुषांना सीमा ओलांडू देत नव्हते. आपल्या सरकारने विमानं पाठवली, त्यासाठी दोन्ही बाजूंशी बोलावं लागतं हे मला कळतं आणि मी ऋणी आहे.

पण धुळेकर दादा, ७१ आणि हे एका तागडीत घालू नका. ७१ ला आपल्याकडे कोटीभर लोक जीव मुठीत धरून आले होते आणि ३ डिसेंबरला आपल्या विमानतळांवर बॉम्ब पाकिस्तानने टाकले. युक्रेनमधून कोण पळून रशियात गेलं होतं म्हणून रशिया किव्हपर्यंत चालत आला? उलट युक्रेनने १९९४ ला बुडापेस्टला सही करून स्वतःकडची अण्वस्त्रं सोडली, त्या बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशिया तिघांनी लिहून दिलं की तुमच्या सीमांचा मान राखू. आणि सही करणाऱ्यांपैकीच एकजण चालून गेला, आधी २०१४ ला क्रिमियात आणि मग सगळीकडे. २०१४ ला बाकी दोघांनी काय केलं? थोडे निर्बंध, थोडी भाषणं. माझ्या मते २०२२ तिथेच पेरलं गेलं.

आणि शस्त्रांनी लढाई वाढते म्हणतात त्यांच्यासाठी, रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं लढाई सुरू व्हायच्या आधी पोचली होती म्हणून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत किव्हच्या दारातून रशियाला परत फिरावं लागलं. त्यानंतर मात्र प्रत्येक गोष्टीला उशीर, जर्मनीने रणगाडे द्यायचं ठरवलं जानेवारी २०२३ ला, एफ-१६ विमानं पोचायला २०२४ चा उन्हाळा उजाडला. तोवर समोरच्याने खंदक खणून, सुरुंग पेरून ठेवले होते. मदत ठिबकने दिली म्हणून लढाई लांबली, मदत दिली म्हणून नाही.

साक्रीना_भाऊ

डॉक्टर ताई, तुमनं म्हननं पटस, पन आम्हना कापूसवालासनं काय चुकनं ते पन कोनी सांगा.

मराठीत लिहितो. रशियाचं तेल आपण युद्धाआधी दोन टक्के पण घेत नव्हतो, नंतर ते एक तृतीयांशाच्या वर गेलं कारण स्वस्त मिळत होतं. युरोपने स्वतः किती वर्षं रशियाचा गॅस घेतला ते कुणी काढत नाही. मग ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने त्याच तेलाच्या नावाने आपल्या मालावर जास्तीचे २५ टक्के लावले, एकूण ५० झाले. कापड गिरण्या ओरडल्या म्हणून आपल्या सरकारने बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी माफ केली, आधी सप्टेंबरपर्यंत मग डिसेंबर अखेरपर्यंत, म्हणजे बरोबर आमचा कापूस वेचणीला येऊन बाजारात जायच्या वेळेला. आता मला सांगा चढाई केली रशियाने, मार खाल्ला युक्रेनने, चिडली अमेरिका, आणि भाव पडला साक्री-शिंदखेड्याच्या कापसाचा. हे कसलं उत्तर? ज्याने केलं त्याला पकडा, तिसऱ्याला कशाला धोपटता.

रावेरची_केळी

साक्रीच्या भाऊचं दुःख खरं आहे आणि मला त्यात वाद घालायचा नाही. साडेतीन वर्षांनी जागं होऊन तिसऱ्यावर दंड लावणं हे मी म्हणतो त्याच्या बरोबर उलटं आहे. तेल-गॅस पहिल्याच महिन्यात सगळ्यांनी मिळून बंद केलं असतं, त्यात युरोपने स्वतः थंडी सोसली असती, तर ही वेळ आली नसती. रशियाच्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत पाश्चात्त्य देशांनी डिसेंबर २०२२ ला ठरवली, तोपर्यंत रशियाने नवी गिऱ्हाइकं शोधली होती आणि त्यातले एक आपण.

पांझराकाठचा_धुळेकर

"सगळ्यांनी मिळून" हे कधी झालंय सांगा ना एकदा.

रावेरची_केळी

झालंय. कुवेत. २ ऑगस्ट १९९० ला इराकचा सद्दाम घुसला, त्याच दिवशी सुरक्षा परिषदेचा ठराव, चार दिवसात व्यापारबंदी आणि त्यात तेल पण, नोव्हेंबरच्या शेवटी १५ जानेवारीची मुदत दिली आणि मुदत संपल्यावर दोन दिवसात विमानं उडाली. फेब्रुवारी अखेर कुवेत मोकळं आणि सैन्य बगदादपर्यंत गेलं नाही, जे सांगितलं होतं तेवढंच केलं.

वरणगाव_निवृत्त

मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ३४ वर्षं काढली, काडतुसं बनवली, त्यामुळे शस्त्र या शब्दाचा मला बाऊ नाही आणि कौतुकही नाही. रावेरवाले भाऊ, कुवेतची गोष्ट तुम्ही फेब्रुवारी ९१ ला थांबवली, ती तिथे थांबली नाही. इराकवरचे निर्बंध २००३ पर्यंत चालले, औषधं नाहीत, पाण्याच्या शुद्धीकरणाचं सामान नाही, पोरंबाळं मेली आणि सद्दाम त्याच्या महालात बसून होता. सैन्य थांबलं पण फास थांबला नाही, कारण तो कधी सोडायचा हे लावताना नीट ठरलंच नव्हतं.

कोरियाचं तर त्याहून वाईट. जून १९५० ला उत्तरेने चढाई केली, हल्लेखोराला मागे ढकलायला संयुक्त राष्ट्रांच्या नावाने सैन्य गेलं, इथवर मला मान्य आहे, आपणही त्या पहिल्या ठरावाला पाठिंबा दिला आणि वैद्यकीय पथक पाठवलं. सप्टेंबरपर्यंत काम झालं होतं. पण त्या सैन्याचा अमेरिकन सेनापती मॅकआर्थर ३८ अंशाची रेघ, म्हणजे दोन्ही कोरियांमधली हद्द, ओलांडून पुढे गेला. ही रेघ ओलांडली तर चीन उतरेल असा निरोप आपल्या पेकिंगच्या राजदूतांनी, पणिक्करांनी, पोचवला होता आणि कुणी ऐकला नाही. चीन उतरला. जुलै ५३ पर्यंत माणसं मरत राहिली आणि शेवटी रेघ जवळपास तिथेच. मग परत जायला तयार नसलेले हजारो युद्धकैदी सांभाळायला कोण, तर आपलंच सैन्य, मराठी माणूस मेजर जनरल थोरात त्याचे प्रमुख.

आणि आपल्यावर वेळ आली तेव्हाचं पण आठवा. १९६२ ला चीन घुसला, मी तेव्हा शाळेत होतो, आईने लोकर घेऊन स्वेटर विणले होते जवानांसाठी. ज्या अलिप्त देशांचे आपण पुढारी म्हणवत होतो त्यातले सहा देश डिसेंबरात कोलंबोला जमले आणि चीनने हल्ला केला एवढं सरळ वाक्य सुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही. बंदुका दिल्या त्या अमेरिका आणि ब्रिटनने. म्हणून मध्यस्थीचं गोडवं गाणाऱ्या धुळेकरांना मी सांगेन की ज्याच्या घरात चोर शिरलाय त्याला मध्यस्थाचा तो सूर कसा लागतो ते आमच्या पिढीने ऐकलंय.

माझं म्हणणं दोघांच्या मधलं नाही, वेगळं आहे. ज्याच्यावर चढाई झाली त्याला शस्त्रं, पैसा, धान्य द्या, भरपूर द्या आणि लवकर द्या. स्वतःचं सैन्य मात्र शेवटपर्यंत नको, कारण बाहेरचं सैन्य आलं की लढाई त्याची होते. आणि निर्बंध लावताना त्याच कागदावर लिहा की अमुक झालं की त्या दिवशी उठतील, नाहीतर समोरच्याला मागे फिरायला कारणच उरत नाही.

पांझराकाठचा_धुळेकर

काका, ६२ चं तुम्ही लिहिलं ते वाचून थोडा वेळ थांबलो. माझे आजोबा पण तेव्हाचं सांगायचे.

तरी शस्त्रांबद्दल माझी भीती जात नाही. समोर अण्वस्त्रवाला असेल तर कुठपर्यंत देणार? आणि ती न देता तोंडाने पाठिंबा देणाऱ्यांच्या भरवशावर लहान देशाने किती वर्षं माणसं घालवायची? एवढं मात्र मी मागे घेतो की नाव घ्यायला पुरावा लागतो आणि तो नसतो असं मी म्हणत होतो. २ मार्च २०२२ च्या आमसभेतल्या मतदानात १४१ देशांनी रशियाचं नाव घेतलं आणि आपण तटस्थ राहिलो. पोरं अडकलेली होती, तेल-खत लागत होतं, तटस्थ राहिलो ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण पोरं घरी आल्यावर तरी चढाई कुणी केली हे आपण नाव घेऊन बोलायला हवं होतं, इथवर मी येतो. निर्बंधांचं अजून पटलेलं नाही.

शिरपूरची_डॉक्टर

दादा, आमच्या ॲनाटॉमीच्या मॅडम अजून विनित्सियातच आहेत. हिवाळ्यात लाईट गेली की त्यांचे मेसेज दोन-दोन दिवसांनी येतात. त्यांनी मला एकदाच विचारलं होतं की तुमच्या देशात लोकांना माहीत आहे ना कुणी सुरू केलं. तुमचं वरचं वाक्य मी त्यांना इंग्रजीत करून पाठवते, चालेल का?

पांझराकाठचा_धुळेकर

चालेल ताई. निर्बंधांबद्दलचं पण पाठवा, अर्धवट नको.