लहान मुलांना निसर्गाची माहिती द्यायची की नुसतं सोबत बसायचं?

रानवाट: लेक साडेचार वर्षांची. परवा तिला मुंग्यांची रांग दिसली आणि मी लगेच सुरू झाले, मुंगीला सहा पाय, ती वासाचा माग सोडते... बाई उठून निघून गेल्या. काल मी तोंड बंद ठेवलं. तिनं रांगेवर आडवं बोट ओढलं. मुंग्या तिथंच थबकल्या, मिशा हलवत सैरावैरा झाल्या, काही मागं वळल्या. बऱ्याच वेळानं एकीला पलीकडचा माग लागला, मग बाकीच्या तिच्यामागं. लेक पाऊण तास पालथी पडून बघत होती. बोटानं वास पुसला गेला, हे मी सांगितलं नाही. सहा वर्षांपर्यंत माहिती नकोच, असं माझं ठाम मत झालंय.

पानगळ: अजिबात पटलं नाही. माझ्या मुलाला सगळे पक्षी सारखेच दिसायचे. 'खंड्या' हे पाण्यातले मासे टिपणाऱ्या पक्ष्याचं नाव कळलं, आणि आता पाणी दिसलं की तो आधी त्यावर वाकलेली फांदी शोधतो. नावानं त्याची नजर बांधली गेली. ते आपण मुलांपासून का लपवायचं?

रानवाट: लपवू नका, पण त्यानं विचारेपर्यंत थांबा.

पानगळ: जे अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, ते विचारणार कसं?

उंबरठा: थांबण्याची किंमत आम्ही मोजलीय. मुलानं केसाळ सुरवंट उचलला, मी कौतुकानं बघत राहिलो. तळहातभर पुरळ. चिकटपट्टी लावून लावून केस काढले, पोर कळवळत होतं. पुढं दोन महिने गवतावर पाय ठेवेना. काही गोष्टी आधीच सांगाव्या लागतात.

रानवाट: हे मान्य. 'हात लावण्याआधी विचार' एवढं मीही सांगते. आता जातो का तो गवतात?

सावली: मला हा वादच दुय्यम वाटतो. बोला नाहीतर गप्प बसा, पण रोज बाहेर न्या. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवून पाहिलं. २०१५ साली निष्कर्ष आले: ३ वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचं अंधुक दिसू लागलं, बाकीच्यांत हेच प्रमाण ३९ टक्क्यांच्या वर.

पानगळ: डोळ्यांसाठी नुसतं मैदानही चालेल. जीव लावणं वेगळं.

उंबरठा: @रानवाट, जातो. भिंग दिलं आणि शेजारी बसलो. सुरवंट पानाची कड कुरतडत होता. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "बाबा, याचं नाव काय?" मला ठाऊक नव्हतं.